मोजदाद म्हणजे मूल्यमापन नव्हे

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांची बढती गुणांकांशी जोडली आणि छापून आलेल्या निबंधाला गुण मिळू लागले. ज्याला किंमत येते त्याचे उत्पादन वाढते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम येथेही खरा ठरला. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार फोफावला. मे २०१८ मध्ये आयोगालाच आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. पुढे ‘केअर’ यादी आली. २०२५ साली तीही मागे घेऊन नियतकालिकांची पारख संस्थांवर सोपविण्यात आली.

यादी गेली, पण मोजण्याची वृत्ती जाईल काय? नियतकालिकाच्या प्रतिष्ठेच्या आकड्यावरून त्यातील निबंधाची वा लेखकाची योग्यता ठरवू नये, असे २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने बजावले होते. दुष्काळी तालुक्यातील शेतमजुरीचा चार वर्षे पायपीट करून अभ्यास करणारा अध्यापक एकच निबंध लिहितो. त्याच काळात दुसरा बारा निबंध छापून घेतो. केवळ मोजणाऱ्या तराजूत पहिला हरणारच.

यावर उपाय साधा आहे. निवड समितीने उमेदवाराचे उत्तम असे दोन-तीनच निबंध मागवावेत, विषयतज्ज्ञांनी ते प्रत्यक्ष वाचावेत. वाचणाराही पक्षपाती असू शकतो, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच निर्णयाची कारणे लेखी देणे बंधनकारक हवे. ज्या संस्थेला आपल्या संशोधकाचे लिखाण वाचावयास सवड नाही, तिला त्याची योग्यता ठरविण्याचा अधिकार तरी कोठून येतो?