फिर्याद, जबाब आणि मीरा बोरवणकर

सिनेमातला पोलीस अधिकारी पळत्या गाडीवर उडी मारतो. खरा तपास बराचसा टेबलाशी बसून, लोकांचं ऐकून आणि ते नीट लिहून घेऊन चालतो. हे काम कसं असतं ते आज समजून घेऊ, निवृत्त पोलीस अधिकारी मीरा बोरवणकर यांच्या कारकिर्दीवरून.

बोरवणकर मॅडम मूळच्या पंजाबातल्या. १९८१ च्या तुकडीतून त्या आयपीएस होऊन महाराष्ट्रात आल्या. १९९४ मध्ये जळगावचं प्रकरण उघडकीला आलं. मुलींचे, बायकांचे अश्लील फोटो काढायचे, ते दाखवून धमकवायचं आणि पुन्हा पुन्हा अत्याचार करायचे, असं ते प्रकरण. गावातल्या वजनदार माणसांवर आरोप होते. राज्य सीआयडीच्या ज्या अधिकाऱ्यांनी तपास केला, त्यांत बोरवणकर होत्या. सगळ्यात मोठी अडचण ही, की तक्रार द्यायला बायका पुढे येईनात. का, ते तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. कुणाचं लग्न व्हायचं असतं, कुणाला सासरी कळेल ही धास्ती. पुढे काही आरोपी न्यायालयातून निर्दोष सुटलेही.

२००४ मध्ये त्या मुंबई क्राइम ब्रँचच्या प्रमुख झाल्या. त्या खुर्चीत बसलेल्या त्या पहिल्या बाई. नंतर पुण्याच्या पोलीस आयुक्त झाल्या, आणि शेवटी दिल्लीत पोलीस संशोधन व विकास ब्युरोच्या महासंचालक. १९७० साली स्थापन झालेली ही सरकारी संस्था देशातल्या पोलीस प्रशिक्षणाकडे लक्ष देते. तपासाचं शिक्षण देणाऱ्या तिच्या केंद्रांत राज्याराज्यांतले अधिकारी शिकायला येतात. गुन्ह्याची जागा कशी राखायची, ठसे कसे घ्यायचे, मोबाइलमधला पुरावा कसा जपायचा, असे विषय असतात. २०१७ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

आता आपल्या कामाचं. फिर्याद आणि जबाब यांत आपल्याकडे फार गोंधळ होतो.

फिर्याद म्हणजे एफआयआर. तुम्ही सांगाल ते पोलिसांनी लिहायचं, तुम्हाला वाचून दाखवायचं, मग तुम्ही सही करायची. वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, आणि "आमच्या शब्दांत लिहितो" असं कुणी म्हटलं तर आपलं म्हणणं त्यात आलंय ना, ते बघा. प्रत फुकट मिळते. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला म्हणून परत पाठवता येत नाही. कुठल्याही ठाण्यात नोंद करून ती योग्य ठाण्याकडे धाडायची असते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. बलात्कार, विनयभंगासारख्या गुन्ह्यात पीडित बाईची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची.

जबाब त्यानंतरचा. तपास करताना पोलीस साक्षीदारांना विचारतात, ते लिहून ठेवतात. गंमत बघा, फिर्यादीवर सही हवीच, पण पोलिसांनी घेतलेल्या या जबाबावर सही घ्यायची नसते. आणि जबाबासाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी ती राहते तिथे यायचं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जणी दिवस दिवस बाकड्यावर बसून राहतात!

आणखी एक. घाबरून किंवा लाजेने आपण कपडे धुऊन टाकतो, मोबाइलवरचे मेसेज पुसून टाकतो. तसं करू नका. कपडे ओले असतील तर सावलीत वाळवून कागदात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणाने ते कुजतात आणि पुरावा जातो.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यांत तपास कुठवर आला हे फिर्याद देणाऱ्याला नव्वद दिवसांच्या आत कळवायचं पोलिसांवर बंधन आहे. म्हणून फिर्यादीच्या प्रतीवरची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि तिथून नव्वद दिवस मोजा.