संगणक आडनाव विचारत नाही, पण...

संगणकावरची परीक्षा म्हणजे खेड्यापाड्यातल्या आपल्या पोरांना बाहेर ठेवण्याचा नवा डाव, असे आपल्या समाजात सर्रास बोलले जाते. या बोलण्यात तथ्य किती, ते तपासले पाहिजे.

नेट परीक्षेचेच घ्या. डिसेंबर २०१८ पासून ती संगणकावर होऊ लागली. १५० प्रश्न, ३०० गुण, सलग ३ तास. जून २०२४ मध्ये ती पुन्हा कागदावर आणली गेली. १८ जूनला परीक्षा झाली आणि १९ जूनला रद्द! फेरपरीक्षा झाली ती संगणकावरच. कागद म्हणजे सुरक्षित, असे मानणाऱ्यांनी हे विसरू नये. (संगणकाच्या भक्तांनीही २००९ ची 'कॅट' आठवावी. पहिल्याच दिवशी कित्येक केंद्रांवर यंत्रणा कोलमडली होती.)

यंत्र आडनाव विचारत नाही, हे आम्हाला मोलाचे वाटते. तोंडी परीक्षेत, प्रात्यक्षिकात, अंतर्गत गुणांत आडनाव काय काम करते, ते आपल्या पदवीधरांना सांगायला नको. पण यंत्र दुसरेच विचारते : माऊस याआधी कधी हातात धरला होतास? उतारा वाचताना पडदा वर-खाली सरकवणे, राखून ठेवलेल्या प्रश्नाकडे परत येणे, कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष ठेवणे, हे सगळे क्लासमध्ये डझनभर सराव परीक्षा दिलेल्याच्या अंगवळणी पडलेले असते. वसतिगृहातल्या मुलाने सारा अभ्यास मोबाईलवर केलेला. उत्तर येत असूनही त्याची मिनिटे जातात आणि निकालात त्यालाच 'गुणवत्ता कमी' म्हणतात.

यावर उपाय आपल्या हातात आहे. एनटीएच्या सराव चाचण्या फुकट आहेत. विहाराच्या अभ्यासिकेत दोन जुने संगणक बसवायला कोणाची परवानगी लागते?

खरी मेख परीक्षेनंतर आहे. मार्च २०२४ मध्ये यूजीसीने नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठी खुले केले. जेआरएफ नसलेल्यांना ७० टक्के भार परीक्षेचा, ३० टक्के मुलाखतीचा. जेआरएफवाल्यांचा प्रवेश तर मुलाखतीवरच. यंत्राने जे विचारले नाही, ते विचारायला माणसे टेबलापलीकडे बसलेलीच आहेत! संगणकाविरुद्ध निवेदने देणाऱ्या आपल्या विद्यार्थी संघटनांनी एक निवेदन कुलगुरूंनाही द्यावे : प्रत्येक उमेदवाराचे परीक्षेचे गुण आणि मुलाखतीचे गुण शेजारी शेजारी छापून सूचना फलकावर लावा.