मासा असा का वागतो?

दोस्तांनो, आधी एक कोडं. समुद्रातला मासा पाणी पितो का?

चोवीस तास पाण्यात राहणाऱ्याला कसली आलीय तहान, असंच वाटलं ना? पण समुद्रातला मासा खरंच सारखा पाणी पितो! समुद्राचं पाणी त्याच्या अंगातल्या पाण्यापेक्षा खूप खारट असतं. त्यामुळे शरीरातलं पाणी कल्ल्यांवाटे सतत बाहेर खेचलं जातं. ती तूट भरून काढायला तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. नदीतल्या माशाचं सगळं उलट. पाणी आपोआप त्याच्या अंगात शिरत राहतं. तो पाणी जवळपास पीतच नाही, उलट दिवसभर शू करून ते बाहेर काढत बसतो.

म्हणून तर गोल्डफिशच्या टाकीत समुद्रातला क्लाउनफिश सोडला, तर तो जगत नाही. त्याला समुद्रच हवा. आणि घरात समुद्र तयार करायचा म्हणजे एक लीटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार हवेत. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. समुद्रात कॅल्शियम, मॅग्नेशियम असं बरंच काही विरघळलेलं असतं, त्यामुळे टाकीसाठी खास मिश्रण मिळतं तेच घ्यावं लागतं.

आता दुसरं कोडं. टाकीतलं पाणी हळूहळू उडून जातं, पातळी खाली येते. मग वरून कोणतं पाणी भराल, खारं की गोडं? उत्तर आहे, गोडं! वाफ होऊन गेलं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहिलं. पुन्हा खारं पाणी ओतलंत, तर टाकी दिवसेंदिवस जास्तच खारट होत जाईल.

पाणी तयार व्हायला वेळ लागतो

पाणी भरलं, दिवा लावला, लगेच मासे सोडले, असं करून चालत नाही. मासा श्वास घेतो, खातो, शी करतो, आणि त्यातून पाण्यात अमोनिया साठतो. अमोनिया माशांना विषारी. समुद्रात त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात. काही जिवाणू अमोनियापासून नायट्राइट बनवतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट बनवतात, जे पुष्कळ कमी घातक असतं. टाकीतल्या सच्छिद्र दगडांवर या जिवाणूंच्या वसाहती वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी रिकामी दिसते, पण तिच्यात मोठं काम चाललेलं असतं.

पाण्यात प्राणवायूही हवा. आज पंप पाणी घुसळत राहतो. पण पंप नव्हते तेव्हा? 1846 मध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की गावच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आपल्या घरी नेले. ते जगावेत म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून समुद्राचं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. त्या धारेबरोबर हवा पाण्यात मिसळायची. पुढे बाईंनी त्या पाण्यात समुद्री वनस्पती ठेवल्या आणि पाणी ताजं ठेवण्याचं काम त्यांच्याकडे आलं.

यातली आई कोण?

आता येऊ या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशकडे. समुद्रात तो समुद्रफुलात राहतो. समुद्रफूल हा प्राणी आहे, आणि त्याचे लोंबते धागे डंख मारतात. क्लाउनफिशच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, त्यामुळे तो त्यातून बचावतो. इतर मासे मात्र तिथे फिरकायला घाबरतात.

एका समुद्रफुलात क्लाउनफिशचं छोटं कुटुंब असतं. सगळ्यात मोठी ती मादी, तिच्या खालोखाल नर, आणि बाकीची चिल्लीपिल्ली नर नाहीत आणि मादीही नाहीत. मादी मेली, तर काय होतं? तो नरच हळूहळू मादी बनतो! आणि पिल्लांतलं सगळ्यात मोठं पिल्लू नर होतं. अंड्यांची राखण मुख्यतः बाबा करतो. आठवडाभर तो परांनी वारा घालावा तसं पाणी ढवळत राहतो, खराब अंडी तोंडानं वेचून काढतो.

हे ठाऊक असलं, की टाकीसाठी दोन मोठ्या माद्या आणून भांडणं लावायची चूक होत नाही. दोन लहान पिल्लं आणली, की त्यांचं ती ठरवतात. आणि समुद्रफूल नसलं तरी क्लाउनफिश टाकीत छान राहतो.

आंधळी कोळंबी, डोळस मासा

पिस्टल कोळंबी वाळूत बीळ खणते. तिला नीट दिसत नाही. मग तिच्याबरोबर गोबी नावाचा छोटा मासा राहतो. गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. कोळंबी वाळूचा ढिगारा ढकलत बाहेर येते, तेव्हा तिची एक लांब मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. शत्रू दिसला, की गोबी शेपटी थरथरवतो. मिशीला ते कळतं आणि कोळंबी झटकन आत! धोका फारच जवळ आला, तर तिच्या मागोमाग गोबीही बिळात सूर मारतो.

ही जोडी ठेवायची, तर टाकीत वाळूचा जाड थर हवा आणि वर झाकण हवं. कारण घाबरलेला गोबी टाकीबाहेरही उडी मारतो.

आरशात बघणारा मासा

निळ्या पट्ट्याचा क्लीनर रास हा बोटाएवढा मासा प्रवाळांत आपलं दुकान थाटतो. मोठमोठे मासे तिथे न्हाव्याच्या दुकानात बसावेत तसे येऊन थांबतात, तोंड उघडतात, कल्ले पसरतात. रास त्यांच्या अंगावरचे बारीक परजीवी टिपून खातो. दिवसाकाठी हजाराहून जास्त!

जपानी शास्त्रज्ञांनी या माशाच्या गळ्याखाली परजीवीसारखा दिसणारा तपकिरी ठिपका लावला. तो ठिपका त्याला आरशाशिवाय दिसणं शक्यच नव्हतं. आरसा ठेवल्यावर काही माशांनी त्यात पाहिलं आणि गळा तळाशी घासायला सुरुवात केली. आरसा नसताना किंवा ठिपका बिनरंगाचा असताना ते घासत नव्हते. 2019 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. मासा स्वतःला ओळखतो का, यावर शास्त्रज्ञ अजूनही वाद घालतात.

इतका हुशार मासा घरी आणावासा वाटेल. पण घरच्या टाकीत इतके परजीवी येणार कुठून? तिथे तो बरेचदा उपाशी मरतो. त्याला समजून घेतलं, म्हणूनच कळतं, की त्याला समुद्रातच राहू द्यायचं.

तेच प्रवाळांचं. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या पहिल्या यादीत वाघ आहे, त्याच यादीत प्रवाळही आहेत. समुद्रातून ते तोडून आणणं गुन्हा आहे. मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत, ते तिथेच पाहावेत. क्लाउनफिशची गोष्ट मात्र वेगळी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तो टाकीत वाढवण्याची रीत बसवली आहे. त्यामुळे मासा घ्यायचाच असेल, तर टाकीत जन्मलेलाच मागा.

आणि कुठलाही मासा घेण्याआधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. हा केवढा होतो? काय खातो? कुणाबरोबर राहतो? तिन्हींची पटतील अशी उत्तरं मिळाली, तरच माशाची पिशवी हातात घ्या.