गेम फोनवर सुसाट का पळतो?

भाच्याने विचारलं, "मामा, हा गेम आईच्या फोनवर नीट चालतो, माझ्या फोनवर सुसाट का?"

मी एका डिझाइन एजन्सीत ब्रँडसाठी छोटे ब्राउझर गेम बनवतो. पूर्वी हे फ्लॅशमध्ये व्हायचं. २०२० संपता संपता अडोबीने ते बंद केलं. आता जावास्क्रिप्ट आणि कॅनव्हास.

तर उत्तर. बहुतेक स्क्रीनवर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतं, काही नव्या फोनवर १२० वेळा. दर फ्रेमला चेंडू ५ पिक्सेल सरकवला, तर तिथे तो दुप्पट धावणारच. म्हणून मागच्या फ्रेमपासून किती मिलिसेकंद गेले ते मोजायचं आणि त्या हिशोबाने सरकवायचं.

आणि गेमच्या सुरुवातीला येणारं ते 'सुरू करा' बटण कशाला? टॅप केल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज वाजू देत नाही. क्लायंटला मात्र ते बटण नकोच असतं!