टाळू, खपली आणि बॅटरी

पेडण्यातील आषाढाची एक रात्र. वीज गेलेली, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीने तासाभरातच मान टाकलेली आणि वॉर्मरखाली दीड किलो वजनाचे नवजात अर्भक. त्या रात्री आईच्या छातीवरील उबेनेच ते तरले. तेव्हापासून वीज साठविण्याचे शास्त्र हा माझ्या दृष्टीने केवळ कुतूहलाचा विषय उरला नाही.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. तिच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिच्या ऋणाग्रात बहुधा ग्रॅफाइट असते. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन त्याच्या थरांत शिरतात व वापराच्या वेळी बाहेर पडतात. एक ग्रॅम ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमता ३७२ मिलिअँपिअर-तास. सिलिकॉनची तिच्या सुमारे दहापट. मात्र लिथियम सामावताना सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होते. मोठे कण तडकतात. त्यांवरील संरक्षक पापुद्रा, जखमेवरची खपली पुनःपुन्हा निघावी तसा, फाटत राहतो. प्रत्येक नवा पापुद्रा थोडे लिथियम गिळतो आणि बॅटरीचे आयुष्य घटते.

यावरचा उपाय आपणा बालरोगतज्ज्ञांना परिचित आहे. जन्मतः सुमारे ३५ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षभरात ४६ च्या आसपास जातो, कारण निसर्गाने टाळू व कवटीचे सांधे मोकळे ठेवलेले असतात. नॅनोरचनेचे तत्त्व हेच. सुमारे १५० नॅनोमीटरपेक्षा लहान सिलिकॉनकण तडकत नाहीत, असे २०१२ मध्ये दिसून आले. कर्बाच्या कवचात पोकळी राखली, तर कणाला फुगण्यास जागाही मिळते. अर्थात सूक्ष्मतेचीही किंमत असते: पृष्ठभाग वाढला की पहिल्याच चार्जिंगला अधिक लिथियम खर्ची पडते.

२००० मध्ये फ्रान्समधील प्वाझो, तारास्काँ व सहकाऱ्यांनी नॅनो-आकाराच्या धातू-ऑक्साइडांची ऋणाग्र म्हणून उपयुक्तता दाखविली. त्याच कुळातील हेमाटाइटची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे १००७. हेमाटाइट म्हणजे आपल्या डिचोलीच्या खाणींतील लोहखनिज! गोवा विद्यापीठातील राणे, वेरेणकर व सावंत यांनी २००१ मध्ये शुद्ध केलेल्या टाकाऊ लोहखनिजापासून मॅग्नेशियम फेराइट बनविल्याचे संशोधन प्रसिद्ध केले. ते बॅटरीसाठी नव्हते. तरी ढिगाऱ्यातून मोलाचे द्रव्य काढता येते, हे त्यातून दिसले. हेमाटाइटच्या मार्गात अडचणी आहेतच: तेही फुगते, आणि भरलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा परत मिळत नाही.

ज्या मातीची धूळ डिचोलीच्या मुलांच्या श्वासात गेली, तिनेच उद्या एखाद्या अर्भकाची ऊब राखावी, अशी आशा बाळगण्यास हरकत नाही. तोवर प्रत्येक प्रसूतिगृहाने आपली बॅटरी नियमित तपासावी आणि प्रत्येक परिचारिकेला कांगारू पद्धत शिकवावी. आईची ऊब विजेवर अवलंबून नसते.