ग्रॅनी फ्लॅट : जाहिरातीतला भाव आणि जमिनीखालचा

सिडनीतल्या मराठी घरांत आई-बाबांचा लांबचा मुक्काम ठरला, की बॅकयार्डकडे बघत कुणीतरी म्हणतंच, "एक ग्रॅनी फ्लॅट बांधून टाकू. लाखभर डॉलरचं तर काम!"

ग्रॅनी फ्लॅट म्हणजे घराच्याच आवारातलं दुसरं छोटं घर. त्याचा हा लाखभराचा आकडा बहुतेक वेळा जाहिरातीतून आलेला असतो. जाहिरातीत 'पासून' हा शब्द बारीक छापलेला असतो आणि भाव असतो नुसत्या किटचा. म्हणजे सांगाडा, पत्रे, दारं, खिडक्या. पाया, प्लंबिंग, वीज आणि मजुरी त्यात नसते. न्यू साउथ वेल्समध्ये जलद परवानगीसाठी 60 चौरस मीटरची मर्यादा आहे. तेवढं दोन बेडरूमचं, किल्ली हातात देण्याजोगं घर सिडनीत हल्ली साधारण दीड ते अडीच लाख डॉलरांत जातं. प्लॉट अडचणीचा असेल तर त्याहून जास्त.

इथे आपली चौरस फुटाची सवय आडवी येते. पुण्यात फ्लॅट घेताना भाव गुणिले फूट केलं की किंमत निघते. त्याच हिशेबाने लोक म्हणतात, 60 ऐवजी 40 चौरस मीटरचं बांधलं तर एक तृतीयांश पैसे वाचतील. तसे ते वाचत नाहीत. स्वयंपाकघर एकच, बाथरूम एकच, ड्रेनेजची जोडणी, नकाशे आणि मंजुरी देणाऱ्या सर्टिफायरची फीही तीच. कमी होतात त्या कोरड्या खोल्या, आणि घरात सगळ्यांत स्वस्त त्याच असतात.

"जमीन आपलीच आहे, मग तिला कसला खर्च?" हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. आधी माती तपासावी लागते. पश्चिम सिडनीत बऱ्याच ठिकाणी चिकणमाती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. तिचा वर्ग 'एम'वरून (मध्यम फुगणारी) 'एच'वर (जास्त फुगणारी) गेला की पायाचं काँक्रीट आणि लोखंड वाढतं. प्लॉट उतरता असेल तर भराव किंवा आधारभिंत आली. मागच्या अंगणाखालून सिडनी वॉटरची मलवाहिनी जात असेल तर तिच्याजवळ बांधण्यासाठी त्यांची मंजुरी लागते. शिवाय घराचा भार वाहिनीवर पडू नये म्हणून खोल खांब घ्यावे लागतात किंवा वाहिनीभोवती काँक्रीट ओतावं लागतं. बाजूच्या बोळातून खोदाईचं यंत्र आत जात नसेल तर तेच काम माणसांकडून करून घ्यायचं, आणि ऑस्ट्रेलियात मजुरी काय असते हे वेगळं सांगायला नको. जुनी फायब्रोची (सिमेंटच्या पत्र्यांची) शेड पाडायची असेल तर तिच्यात अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता. ऑस्ट्रेलियात त्यावर पूर्ण बंदी आली ती 2003 च्या अखेरीस. दहा चौरस मीटरहून जास्त असेल तर ते काढायला परवानाधारकच लागतो. वणव्याच्या पट्ट्यात खिडक्यांची काच आणि जाळ्यासुद्धा बदलतात. म्हणून एकाच बिल्डरचं एकच घर दोन शेजाऱ्यांना पन्नास हजारांच्या फरकाने पडलं, तर त्यात लबाडी असेलच असं नाही.

परवानगीची धास्ती मात्र उगाच घेतली जाते. न्यू साउथ वेल्समध्ये 2009 च्या राज्य धोरणाने (आता ते 2021 च्या गृहनिर्माण धोरणात आलं आहे) बहुतेक निवासी भागांत 450 चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवर, अटी पाळल्या तर, खासगी सर्टिफायरकडूनही मंजुरी मिळते. अट मोडली, तर कौन्सिलची लांब वाट धरावी लागते. व्हिक्टोरियाने डिसेंबर 2023 पासून 300 चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्लॉटवर अशा छोट्या घरांना बहुतेक ठिकाणी नियोजन परवान्यातून सूट दिली, पण बांधकाम परवाना तिथेही लागतोच. काही कौन्सिल विकास शुल्कही लावतात. ते बिल्डरने दिलेल्या कोटमध्ये धरलं आहे का, हे आधी विचारावं.

गॅरेजमध्ये गाद्या टाकल्या की झाला ग्रॅनी फ्लॅट, असंही काहींना वाटतं. राहत्या खोलीला सर्वसाधारणपणे 2.4 मीटर उंची, ओल अडवणारी जमीन आणि हद्दीलगत अग्निरोधक भिंत लागते. गॅरेजमध्ये हे बहुधा नसतं.

आणखी एक हिशेब असतो : "भाड्यातून पाच-सहा वर्षांत वसूल होईल." न्यू साउथ वेल्समध्ये ग्रॅनी फ्लॅट कुणालाही भाड्याने देता येतो हे खरं. क्वीन्सलंडमध्ये ही मुभा सप्टेंबर 2022 मध्ये आली. पण भाड्यावर कर लागतो. शिवाय पुढे घर विकताना राहत्या घरावरची भांडवली नफाकराची सूट त्या भागापुरती कमी होते. आणि ग्रॅनी फ्लॅट वेगळा करून विकता येत नाही.

आई-बाबांनी गावचा फ्लॅट विकून पैसे दिले असतील तर बाब निराळी. अशा कौटुंबिक व्यवस्थेला 1 जुलै 2021 पासून भांडवली नफाकरातून सूट आहे. मात्र त्यासाठी करार लेखी हवा, राहणारी व्यक्ती पेन्शनच्या वयाची (सध्या 67) किंवा अपंगत्वामुळे मदतीची गरज असलेली हवी, आणि व्यवहार व्यापारी भाड्याचा नसावा. पुढे त्यांना तिथे राहणं जमलं नाही तर पैसे कुणी, किती परत करायचे, हेही त्याच करारात लिहून घ्यावं, आणि भारतातल्या भावंडांना त्याची प्रत पाठवावी.