हायब्रिड गाडी हळूच चालते का?

यवतमाळहून आर्णीकडे निघालं, की पुढची गाडी हायब्रिड असली तर मागच्याचा शेरा ठरलेला असतो: हा मायलेज वाचवत चाललाय. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटा प्रियस ही हायब्रिड गाडी आली, आणि पुढे हायब्रिडवाल्यांना हा शेरा चिकटला.

हायब्रिडचा खरा फायदा यवतमाळच्या दत्त चौकातल्या गर्दीत. ब्रेक दाबला की मोटर जनरेटरसारखी फिरते आणि एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत जाते. पुढे सरकताना तीच वीज वापरली जाते, इंजिन बंदही राहू शकतं. डॅशबोर्डवर हे सगळं दिसत असल्यानं काही चालकांचा पाय आपोआप हलका पडतो, एवढं मात्र खरं.

नागपूर–तुळजापूर महामार्गावर मोकळा रस्ता लागला, की ब्रेकच कमी लागतो. मग परत मिळणार काय? तिथं मुख्य खर्च हवेशी झुंजण्याचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात, की वेग सव्वापट होतो, विरोध मात्र सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. वाचतात किती मिनिटं? ४० किलोमीटरमागे सहा. हे गणित साध्या पेट्रोल गाडीलाही तसंच लागू आहे. म्हणजे महामार्गावर ८० नं जाणाऱ्याची गाडी कोणतीही असो, इंधन त्याचंही वाचतंच. त्यानं डावी लेन धरली असेल, तर मागून हॉर्न वाजवायचं कारणच नाही.